उन्हातली सुट्टी आणि नाजूक पोट: निघायच्या आधीपासून परत येईपर्यंत काय काय सांभाळायचं

ज्यांचं पोट मुळातच नाजूक आहे त्यांना कुणी ट्रिपचा प्लॅन सांगितला की मनात पहिला प्रश्न टॉयलेटचाच येतो, बाकी हॉटेल कसं, समुद्र किती लांब, ते सगळं नंतर. त्यात ऊन कडक असेल तर धाकधूक अजून वाढते. मला स्वतःला आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे पोटात कळा, गॅस, जुलाब किंवा बद्धकोष्ठ असं वारंवार होत राहणारं दुखणं) आहे, बरीच वर्षं झाली, त्यामुळे हा विषय अगदी मनापासून लिहितेय. आयबीएस नसेल पण प्रवासात हमखास अ‍ॅसिडिटी होते, पोट साफ होत नाही, जरा काही वेगळं खाल्लं की जुलाब होतात, अशांनाही यातलं बरंच लागू पडेल.

आधीच एक सांगते, मग बाकीचं. बहुतेक जण सुट्टीवर जाताना "हे खाऊ नको, ते खाऊ नको" अशी यादी घेऊन जातात आणि सगळी काळजी ताटातल्या गोष्टींची करतात. पण उन्हाच्या ठिकाणी पोट बिघडायला खाण्याइतकंच मोडलेली झोप, कमी पडलेलं पाणी, सकाळची घाई आणि पहिल्याच दिवशी सगळं बघून टाकायचा हट्ट हेही कारण असतं. पहिले दोन-तीन दिवस नीट सांभाळले तर पुढचे दिवस खूप सोपे जातात. म्हणून माझा सगळा जोर त्यावर आहे.

उन्हात पोटात नेमकं काय होतं

ऊन वाढलं की शरीराचं पहिलं काम स्वतःला थंड ठेवायचं. त्यासाठी कातडीकडे जास्त रक्त पाठवलं जातं, घाम सुटतो, आणि तेवढ्या प्रमाणात आतड्यांकडे जाणारं रक्त कमी होतं. म्हणूनच भर दुपारी भूक मरते, आणि तरीही भरपेट जेवलं तर दोन-दोन तास पोटात दगड ठेवल्यासारखं वाटत राहतं. त्यात उन्हात चालणं, चढणं चालू असेल तर अजूनच, कारण मग स्नायूंनाही रक्त हवं असतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. घामातून पाणी जातं आणि मीठही जातं. शरीरात पाणी कमी पडलं की मोठं आतडं मलातलं जास्तीत जास्त पाणी ओढून घेतं, मग पोट साफ होत नाही, गॅस साठतो, कळा येतात. गंमत म्हणजे सगळे घाबरतात ते जुलाबांना, पण प्रवासात बद्धकोष्ठ होणंही तितकंच कॉमन आहे, फक्त त्याबद्दल कुणी बोलत नाही.

तिसरी गोष्ट, आतड्याला स्वतःचं घड्याळ असतं. रात्री मोठं आतडं जवळपास शांत असतं, सकाळी उठल्यावर जागं होतं, आणि नाश्ता पोटात गेला की त्याला ढकलायची सूचना मिळते. जेवणानंतर लगेच जावंसं वाटतं ते याच रिफ्लेक्समुळे, आणि आयबीएसवाल्यांमध्ये तो बऱ्याचदा जास्तच जोरात असतो. आता पहाटे साडेतीनला उठून फ्लाइट पकडली, नाश्ता टाळला, टाइम झोन बदलला, तर ते घड्याळ गोंधळणारच, यात खाण्याचा काही दोष नाही.

आणि चौथी गोष्ट जंतूंची. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे जंतू जोरात वाढतात, काही तर अनुकूल वातावरणात वीसेक मिनिटांत दुप्पट होतात. म्हणून शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असा नियम आहे, आणि तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. उन्हाच्या ठिकाणी हा एक तास कायम लक्षात ठेवा, पिकनिकच्या डब्याला सुद्धा आणि रात्रीच्या उरलेल्या जेवणाला सुद्धा.

निघायच्या आधी

रोजची औषधं चालू असतील तर निघायच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांशी एकदा बोलून घ्या, आणि "मी उन्हाच्या ठिकाणी जातोय" हे मुद्दाम सांगा. कारण काही औषधांचं आणि उन्हाचं जमत नाही. पोटातल्या कळांसाठी देतात त्या डायसायक्लोमिन किंवा हायोसिनसारख्या गोळ्या घाम कमी करू शकतात. घाम कमी म्हणजे शरीर थंड व्हायला वेळ, म्हणजे उन्हाचा त्रास लवकर. आयबीएससाठी कमी डोसमध्ये अमिट्रिप्टिलिन चालू असेल तर तिथेही तेच. याचा अर्थ गोळ्या बंद करायच्या असा अजिबात नाही, पण गोळी घेऊन दुपारी बारा वाजता डोंगर चढायला निघायचं नाही एवढं तरी कळायला हवं. मला हे कळल्यापासून मी गोळी घेतलेल्या दिवशी दुपारचं सगळं सावलीतच ठेवते.

अ‍ॅसिडिटीसाठी ओमेप्राझोल, पँटोप्राझोल वगैरे रोज घेणाऱ्यांनी खाण्याबाबत जरा जास्त कडक राहावं. पोटातलं अ‍ॅसिड हे जंतू मारायचं एक शस्त्र आहे आणि या गोळ्या तेच कमी करतात. पुन्हा तेच, स्वतःच्या मनाने बंद करू नका, फक्त धोका जास्त आहे हे धरून चाला.

औषधांची पिशवी: ओआरएसची पाकिटं (माणशी सहा-आठ तरी), कळांची तुमची नेहमीची गोळी, डॉक्टरांनी ओके दिलं असेल तर लोपेरामाइड (जुलाब थांबवायची गोळी), बद्धकोष्ठासाठी जे तुम्हाला सूट होतं ते, थर्मामीटर, ओले वाइप्स, हँड सॅनिटायझर, टिश्यू, आणि एक जास्तीची चड्डी आणि बदलायचे कपडे. शेवटचं लिहायला मला अजिबात संकोच वाटत नाही, कारण ते बॅगेत आहे एवढ्यानेच निम्मं टेन्शन उतरतं. हे सगळं हँडबॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको, बॅग हरवली की सगळंच गेलं. गोळ्या मूळ पाकिटातच असू द्या आणि प्रिस्क्रिप्शनची कॉपी सोबत ठेवा.

गोळ्यांना ऊनही चालत नाही. बहुतेक औषधांवर २५ किंवा ३० अंशांच्या खाली ठेवा असं छापलेलं असतं. उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीचा डॅशबोर्ड त्याच्या दुपटीच्याही वर जातो. तिथे विसरलेली कॅप्सूलची स्ट्रिप हातात घेतली तर कॅप्सूल एकमेकींना चिकटलेल्या, दाबल्या की मऊ लागतात, सपोझिटरी (गुदद्वारातून घ्यायचं औषध) असेल तर पाकिटातच वितळून तिचा आकारच गेलेला असतो. अशी औषधं वापरू नका. गाडी पार्क केली की औषधांची पिशवी आपल्यासोबत खाली उतरलीच पाहिजे.

आणि प्लीज, नवीन प्रोबायोटिक, नवीन फायबर पावडर, नवीन कुठलीही गोळी ट्रिपच्या पहिल्या दिवशी सुरू करू नका. ज्यांना ट्राय करायचंय त्यांनी घरी असताना करा, काही जणांना सुरुवातीला प्रोबायोटिकनेच गॅस होतो. फायबर वाढवायचं असेल तरी आधी दोन आठवडे हळूहळू.

प्रवासाचा दिवस

विमानात केबिनचं प्रेशर जमिनीवरच्यासारखं नसतं, साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असल्यासारखं असतं. प्रेशर कमी झालं की पोटातला गॅस फुगतो, पावपट किंवा त्याहून थोडा जास्तच. ज्यांना आधीच ब्लोटिंग होतं त्यांना हे लगेच जाणवतं. म्हणून आदल्या रात्री आणि फ्लाइटच्या आधी कडधान्यं, कोबी-फ्लॉवर, कांदा, फसफसणारी पेयं टाळा. कमरेला सैल कपडे घाला. कान दडू नयेत म्हणून शुगरफ्री च्युइंगम चघळायची सवय असेल तर पाकीट उलटं करून बघा, सॉर्बिटॉल, मॅनिटॉल, झायलिटॉल असं काही लिहिलेलं असेल तर ते नीट शोषलं जात नाही, आतड्यात पाणी ओढतं आणि गॅस करतं. चोखायला साधी गोळी घ्या.

सीट आइलची, म्हणजे मधल्या वाटेकडची घ्या. बसने जात असाल तर ती कुठे आणि किती वेळ थांबणार हे आधीच विचारून ठेवा. बरेच जण वाटेत जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत, हे मी खूप जणांमध्ये बघितलंय, आणि मग पोचल्यावर डोकं दुखतं, दोन दिवस पोट साफ होत नाही आणि सगळा दोष हॉटेलच्या जेवणावर. थोडं थोडं पाणी पीत राहा. त्याऐवजी मोठं जेवण टाळा, थोडं थोडं दर तीन तासांनी काहीतरी साधं खा.

पहिले दोन-तीन दिवस

शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणजे छोट्या सुट्टीत पूर्ण सवय होतच नाही, हे मान्य करूनच प्लॅन करायचा. पहिले दोन दिवस ११ ते ४ सावलीत किंवा आत काढा. फिरायचं ते सकाळी आणि संध्याकाळी. सोबतच्यांना आधी सांगून ठेवा की पहिल्या दिवशी माझा प्रोग्रॅम हलका आहे, मग ऐनवेळी रुसवेफुगवे होत नाहीत.

सगळ्यात महत्त्वाची सकाळ. यावर मी अडून बसते. उठायची वेळ घरच्या वेळेच्या शक्य तितकी जवळ ठेवा, उठल्यावर एक ग्लास कोमट किंवा साधं पाणी, मग नाश्ता, आणि नाश्त्यानंतर निदान अर्धा-पाऊण तास कुठेही जायचं नाही, रूमवर, टॉयलेट जवळ, निवांत. आतड्याचा ढकलायचा रिफ्लेक्स याच वेळी सगळ्यात जोरात असतो, त्याला वेळ दिला तर पोट साफ होतं आणि दिवस मोकळा जातो. हाच वेळ गाडी पकडायच्या घाईत गेला तर एक तर गाडीत कळ येते नाहीतर ती दाबली जाते, आणि दाबून दाबून बद्धकोष्ठ होतं. टूर ग्रुपबरोबर असाल आणि गाडी आठला निघत असेल तर सहाला उठा, पण हा वेळ कापू नका. कमोडवर बसताना पायाखाली छोटं स्टूल किंवा उलटी बादली घेतली तर गुडघे वर येतात आणि जोर कमी लावावा लागतो.

कॉफीने मोठं आतडं काही मिनिटांतच हलायला लागतं. बद्धकोष्ठवाल्यांना ती नाश्त्याबरोबर मदत करते, जुलाबवाल्यांनी मात्र बाहेर पडायच्या आधी टाळलेली बरी. आणि थंडगार कॉफीचा मोठा ग्लास म्हणजे कॅफीन, दूध आणि साखर सगळं एकदमच, नाजूक पोटाला ते तिन्ही एकत्र जड जातं.

पाणी किती आणि कसं

ग्लास मोजत बसू नका, लघवीचा रंग बघा. फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद असेल तर पाणी कमी पडतंय. तहान लागायची वाट बघत बसू नका, दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-पाच घोट. उन्हातून आल्या आल्या बर्फासारखं पाणी गटागटा प्यायलं की आमच्यासारख्यांच्या पोटात हमखास कळ येते, म्हणून गार असलं तरी हळू प्या.

भरपूर घाम येत असेल आणि नुसतंच साधं पाणी लिटरच्या लिटर पीत राहिलात तर रक्तातलं सोडियम कमी होऊ शकतं, मळमळतं, डोकं दुखतं, गळून जायला होतं. जेवणात मीठ येतंच, पण दिवसभर उन्हात फिरणार असाल तर मधे एखादा ग्लास ओआरएस घ्या. ब्लड प्रेशर, किडनी किंवा हार्टचा त्रास असणाऱ्यांनी मिठाचं डॉक्टरांना विचारूनच. नारळपाणी चांगलं आहे, त्यात पोटॅशियम भरपूर असतं पण सोडियम कमी, त्यामुळे जुलाबात ते ओआरएसच्या जागी धरू नका. पॅकबंद ज्यूस आणि कोल्ड्रिंकमध्ये साखर इतकी असते की जुलाबात ती आतड्यात उलट पाणी ओढते. दारूने लघवी वाढते, पाणी जातं, पोटाच्या आतल्या अस्तरालाही ती त्रास देते. घ्यायचीच असेल तर उन्हात नको, रिकाम्या पोटी नको, आणि सोबत तेवढंच पाणी.

पाण्याच्या स्वच्छतेची खात्री नसेल तर सीलबंद बाटली घ्या आणि सील तुमच्यासमोर तुटलं पाहिजे. नाहीतर पाणी खळखळून उकळू द्या, एक मिनिट पुरे, २,००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं. दातही त्याच पाण्याने घासा. बर्फ हा सगळ्यात मोठा चकवा आहे, गोठवल्याने जंतू मरत नाहीत आणि पेगमधल्या दारूनेही मरत नाहीत. पाण्याचा भरवसा नसेल तर बर्फाचाही नाही.

खाणं

साधा नियम, तुमच्यासमोर शिजलेलं आणि वाफाळतं गरम असेल ते खा. बुफेमध्ये ट्रेचं झाकण उघडल्यावर बघा, खालून वाफ येतेय का, की वरच्या रश्श्यावर साय धरलीय, भाताच्या कडा सुकून कडक झाल्यात, शेगडी विझलेली आहे. हे दिसलं तर पुढे जा, कितीही आवडता पदार्थ असला तरी. बुफे उघडतो तेव्हाच जा, बंद व्हायच्या वेळी नको. कापून ठेवलेली फळं, उघड्यावरचं सॅलड, मेयोनीज घातलेलं काही, अर्धवट शिजलेली अंडी, कच्चे शिंपले, आणि टेबलावर दिवसभर उघडी राहिलेली चटणी-सॉस हे सोडून द्या. फळ घ्यायचं तर स्वतः सोलून खाता येईल असं.

हे झालं इन्फेक्शनपासून. पण आमचं पोट पूर्ण स्वच्छ अन्नानेही बिघडतं, आणि उन्हाळ्यातली काही फळं त्यात आघाडीवर आहेत. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश युनिव्हर्सिटीच्या टीमने आंबणाऱ्या शर्करांच्या एका गटाला फॉडमॅप असं नाव दिलं. या शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, पाणी ओढतात आणि पुढे मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात, गॅस होतो. कलिंगड, आंबा, सफरचंद, नाशपाती यांत त्या जास्त असतात. संत्रं, अननस, पपई, फार न पिकलेलं केळं हे बहुतेकांना चालतं. म्हणजे भर उन्हात गारेगार कलिंगडाची मोठी प्लेट खाऊन संध्याकाळी पोट ढोलासारखं का झालं असं वाटलं तर कारण हे असू शकतं, कलिंगड खराबच होतं असं नाही. एक-दोन फोडी चालत असतील तर तेवढ्याच खा. आइस्क्रीमचंही तसंच, दूध न पचणाऱ्यांनी सरबतासारखं दूध नसलेलं काही घ्यावं, किंवा लॅक्टेजची गोळी सूट होत असेल तर ती सोबत ठेवावी.

सगळंच टाळायचं तर सुट्टीला कशाला जायचं, हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणून मी असं करते, एका जेवणात नवीन एकच पदार्थ, बाकी सगळं ओळखीचं. पोट बिघडलं तर निदान कशाने ते कळतं. आणि नवीन पदार्थ दुपारी ट्राय करते, रात्री नाही, म्हणजे झोप मोडत नाही. दुपारचं जेवण मात्र उन्हात उशिरा आणि भरपेट नको, तेलकट तर नकोच, तेलातुपामुळे पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. हॉटेलमध्ये साधा भात, उकडलेला बटाटा, भाजलेलं चिकन किंवा मासा, सॉस वेगळा वाटीत द्या असं सांगितलं तर बहुतेक ठिकाणी देतात, लाजायचं कशाला.

हात साबणाने धुवा, निदान वीस सेकंद. सॅनिटायझर ६० टक्क्यांच्या वर अल्कोहोलचं असलं तरी नोरोव्हायरससारख्या जंतूंवर ते कमी पडतं, त्यामुळे साबण मिळत असेल तर साबणच.

स्विमिंग पूलमधलं पाणी तोंडात जाऊ देऊ नका. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी योग्य क्लोरीन असलेल्या पाण्यातही सात दिवसांपेक्षा जास्त जगू शकतो. आणि तुम्हाला स्वतःला जुलाब होत असतील तर पूलमध्ये उतरू नका, दुसऱ्यांचीही सुट्टी आहे.

बिघडलंच तर

आधी हे ओळखा की हे तुमचं नेहमीचं आहे की इन्फेक्शन. ओळखीची कळ, टॉयलेटला जाऊन आल्यावर बरं वाटणं, ताप नाही, रात्री झोपेतून उठावं लागत नाही, असं असेल तर बहुधा तुमचंच जुनं दुखणं डोकं वर काढतंय. अचानक सुरुवात, दिवसात तीन किंवा जास्त पातळ जुलाब, उलट्या, ताप, अंग दुखणं, सोबतच्यांनाही तोच त्रास, असं असेल तर इन्फेक्शन धरा. प्रवाशांच्या जुलाबांमागे बऱ्याचदा ई. कोलाय जंतूचाच एक प्रकार असतो आणि बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप बरं वाटतं, पण त्या दिवसांत पाणी सांभाळणं हेच खरं औषध.

ओआरएस नीट करा, इथे बरेच जण गडबड करतात. पाकिटावर जितकं पाणी लिहिलंय तितकंच घ्यायचं. एक लिटरचं पाकीट असेल तर एक लिटरची सीलबंद बाटली घ्या, त्यातलं थोडं पाणी स्वच्छ ग्लासमध्ये काढून ठेवा, पाकीट बाटलीत पूर्ण रिकामं करा, झाकण लावून तळाशी एकही दाणा दिसेनासा होईपर्यंत हलवा, मग ग्लासातलं पाणी परत ओता. अर्धं पाकीट एका ग्लासात, चवीला ज्यूस, असलं काही करू नका. त्यातलं साखर-मिठाचं प्रमाण मुद्दाम ठरवलेलं आहे, आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागे पाणी येतं, जुलाब चालू असतानाही. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, सोबत पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलराची साथ आली आणि सलाइन संपायला आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच साखर-मिठाचं पाणी देऊन असंख्य जीव वाचवले, इतकी ताकद आहे या साध्या गोष्टीत. पाकीट मिळालंच नाही तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा, आणि मीठ जास्त होऊ देऊ नका. केलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्या.

प्रत्येक जुलाबानंतर मोठ्या माणसाने एक ते दोन ग्लास. उलटी होत असेल तर दहा मिनिटं थांबा, मग दर एक-दोन मिनिटांनी एक-एक चमचा. वेळ लागतो पण टिकतं. भूक लागेल तसं भात, केळं, टोस्ट, उकडलेला बटाटा. मुद्दाम उपाशी राहायची गरज नाही.

लोपेरामाइड प्रवासात मोठा आधार आहे, बस पकडायची असेल तेव्हा तर नक्कीच, पण शौचात रक्त असेल किंवा ताप जास्त असेल तर घेऊ नका, आणि लहान मुलांना तर मनाने अजिबात देऊ नका. पाकिटावरच्या डोसच्या वर जायचं नाही, जास्त डोसने हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. अँटिबायोटिक मनाने नको. डॉक्टरांनी दिलं तर विचारा की उन्हाने कातडीला त्रास होतो का, सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि डॉक्सिसायक्लिनने ऊन लवकर भाजतं.

उलट बद्धकोष्ठ झालं असेल तर पाणी, संध्याकाळचं चालणं, सकाळचा तो निवांत वेळ, आणि घरी सूट झालेलं औषध. इसबगोल घेत असाल तर भरपूर पाण्याबरोबरच, कमी पाण्यात ते उलट अडकून बसतं.

डॉक्टरांकडे लगेच कधी जायचं: शौचात रक्त किंवा डांबरासारखा काळा रंग, ३८.५ अंशांच्या वर ताप, पोटात पाणीच टिकत नाही, सात-आठ तास लघवी नाही, उभं राहिलं की चक्कर, न थांबणारी जोराची पोटदुखी, किंवा तीन दिवसांत काहीच फरक नाही. लहान मुलं, वयस्कर माणसं, गरोदर बायका यांच्यासाठी इतकं थांबूच नका. उन्हात कुणी बरळायला लागलं, अंग तापलेलं आहे, तर ते पोटाचं नसून उष्माघात असू शकतो, ताबडतोब सावलीत न्या, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. ब्लड प्रेशरच्या, लघवीच्या किंवा डायबिटिसच्या गोळ्या चालू असतील आणि जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर त्या तशाच घ्यायच्या का हे फोन करून विचारा, काही गोळ्या अशा वेळी थांबवाव्या लागतात. गर्भनिरोधक गोळ्याही जोराच्या जुलाब-उलट्यांत नीट शोषल्या जात नाहीत, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं.

ज्यांचा आजार मोठा आहे

क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस (आतड्याला सूज येणारे दीर्घकाळचे आजार) असणाऱ्यांनी प्रवासाआधी डॉक्टरांकडून लेखी प्लॅन घ्यावा, त्रास उसळला तर काय घ्यायचं, कुणाला फोन करायचा. अझाथायोप्रिन चालू असेल तर उन्हापासून कातडी जपणं फार गरजेचं, टोपी, पूर्ण बाह्या, सनस्क्रीन. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना यलो फीव्हरसारख्या जिवंत लसी सहसा देत नाहीत, त्यामुळे कुठे जायचं ते ठरवायच्या आधीच हे विचारा.

इलिओस्टोमी (लहान आतडं पोटावरच्या छिद्रातून बाहेर काढून तिथे बॅग लावलेली) असेल तर शरीरातून पाणी आणि मीठ जास्त जातं, उन्हात तर दुप्पट काळजी, अशांच्या रोजच्या प्लॅनमध्ये ओआरएस हवंच. घामाने बॅगचं चिकटणं सैल होतं, म्हणून नेहमीपेक्षा लवकर बदला आणि जवळपास दुप्पट सामान न्या, उन्हात तापू न देता. आणि बॅगची कातडीला चिकटवायची प्लेट घरीच मापाने कापून ठेवा, कात्री सिक्युरिटीवर अडू शकते. सीलिअ‍ॅक (गव्हासारख्या धान्यांतलं ग्लूटेन न चालणारा आजार) असणाऱ्यांनी तिथल्या भाषेत "मला गहू, बार्ली, राय चालत नाही" असं लिहिलेलं कार्ड सोबत ठेवा आणि तळणीचं तेल वेगळं आहे का ते विचारा.

टेन्शनचं काय

पोट आणि डोकं एकमेकांशी सतत बोलत असतात, त्यामुळे "आता लागलं तर काय" या विचारानेच कळ येते, हे मनाचे खेळ नाहीत, खरी कळ असते. पोचल्यावर पहिल्या फेरीतच टॉयलेट कुठे कुठे आहेत ते बघून घ्या, मग डोकं शांत राहतं. कळ आली की बसा, एक हात पोटावर ठेवा, नाकाने हळू श्वास घ्या म्हणजे पोट वर येईल, आणि त्याच्या दुप्पट वेळ सोडत राहा, चार-पाच मिनिटं. सोबत जे आहेत त्यांच्यातल्या निदान एकाला खरं सांगून ठेवा. "मला मधेच थांबावं लागेल, कारण विचारू नकोस" एवढं एक वाक्य पुरतं, आणि ज्याला सांगता तो बहुतेक वेळा आपल्यासाठी गाडी थांबवायला सगळ्यांत पुढे असतो.

परत आल्यावर

इन्फेक्शन होऊन गेलं असेल तर दूध काही दिवस कमी ठेवा, आतड्याचं अस्तर भरून येईपर्यंत लॅक्टोज नीट पचत नाही. जुलाब दोन आठवड्यांच्या वर चालू राहिले तर शौचाची तपासणी करून घ्या, जिआर्डियासारखे परजीवी असे रेंगाळतात. पोटाच्या इन्फेक्शननंतर साधारण दहातल्या एकाला आयबीएससारखा त्रास मागे राहतो, तेव्हा ट्रिपनंतर पोट पूर्वीसारखं होत नाहीये असं वाटलं तर "होईल बरं" म्हणून वर्षभर काढू नका. कुठल्या दिवशी काय खाल्लं, कधी त्रास सुरू झाला, ताप होता का, कुठली गोळी घेतली, हे आठवतंय तोवर फोनमध्ये लिहून ठेवा आणि डॉक्टरांना तेच दाखवा.